बार्शी लाईटनं शंभरी ओलांडली, तिची इंग्लंडातली बहीण तिशीतच गेली: असं का झालं?

१७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनालाच, बीडला रेल्वे आली. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर स्टेशनचे फोटो येत होते, आणि त्यातच माझ्या भाच्यानं विचारलं की मामा, लातूरला तर तुमच्या आज्जाच्या काळापासून छोटी रेल्वे होती म्हणता, मग बीडला पण तेव्हाच तसलीच स्वस्तातली एक का नाही टाकली, आणि होती ती लातूरची तरी का काढली? प्रश्न साधा वाटतो पण ग्रुपवर कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. कुणी म्हणालं ती खेळण्यातली गाडी होती, कुणी म्हणालं वारसा होता, मोडायला नको होती. मी लातूरजवळच्या मुरूडकडचा, लहानपणी आज्जीसोबत त्या गाडीनं पंढरपूरला गेलेलो माणूस, म्हणून म्हटलं बसून लिहूनच काढू.

आणि लिहिताना एक अशी गोष्ट सांगायचीय जी आपल्याकडं फार कमी लोकांना माहितीय. आपल्या बार्शी लाईटची, म्हणजे त्याच लातूरच्या छोट्या रेल्वेची, एक सख्खी बहीण इंग्लंडात होती. त्याच इंजिनिअरनं बांधलेली, तेवढ्याच रुंदीची. ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद पडली, जेमतेम ३० वर्षं. दोघींना शेजारी ठेवून बघितलं की भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

आधी गेज म्हणजे काय ते बघू

दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज, बस एवढंच. आपल्याकडच्या ब्रॉडगेजचं ते अंतर १६७६ मिलिमीटर, मीटरगेजचं १००० आणि बार्शी लाईटचं ७६२, म्हणजे अडीच फूट. अडीच फुटाच्या किंवा त्याहून कमीच्या रुळाला आपण नॅरोगेज म्हणतो.

ज्यांनी बैलगाडी हाकलीय त्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही. पावसाळ्यात पांदीत चाकोरी पडते, आणि एकदा चाकोरी पडली की त्याच मापाची गाडी त्यात नीट चालते, कमी-जास्त मापाची गाडी घातली की एक चाक चाकोरीत आणि एक वर, गाडी कलंडायला लागते. रेल्वेची चाकोरी लोखंडाची असते एवढाच फरक. पांदीत निदान हिसके खात का होईना पुढं जाता येतं, रुळावर तेही नाही, त्यामुळं एका गेजची गाडी दुसऱ्या गेजवर जातच नाही.

मग अडीच फुटाची टाकलीच कशाला?

पैसा, दुसरं काही नाही. रूळ अरुंद असला की भराव अरुंद लागतो, जमीन कमी लागते, पूल हलके चालतात, आणि मुख्य म्हणजे वळण थोडक्या जागेत घेता येतं. ब्रॉडगेजला डोंगर समोर आला की एकतर लांबून वळसा घालावा लागतो नाहीतर डोंगर फोडावा लागतो, नॅरोगेज डोंगराच्या कडेकडेनं वळत वळत निघून जाते. येडशीच्या घाटातून गेलेल्या जुन्या लोकांना विचारा.

हे सगळं डोक्यात ठेवून काम करणारा माणूस म्हणजे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. १८८२ ला तो जीआयपी रेल्वेत, म्हणजे मुंबईहून सोलापूरकडं येणाऱ्या मोठ्या रेल्वेत, नोकरीला लागला. ती मोठी लाईन बार्शीला टाळून कुर्डुवाडीवरून गेली होती, आणि बार्शी तर तेव्हा कापसाची मोठी बाजारपेठ. कुर्डुवाडी स्टेशनचं नावच तेव्हा बार्शी रोड. आता आपल्याकडं स्टेशनच्या नावात रोड आलं की समजून घ्यायचं, गाव अजून लांब आहे, लातूर रोड काय किंवा कळंब रोड काय. तर बार्शीचा कापूस बैलगाड्यांतून बार्शी रोडला जायचा आणि तिथून मुंबईला. कॅल्थ्रॉप म्हणाला हे मधलं अंतर मी स्वस्तातल्या रेल्वेनं जोडतो. परवानगीला बरीच वर्षं गेली, १८९५ ला कंपनी झाली आणि मार्च १८९७ ला बार्शी ते बार्शी रोड गाडी धावली.

पाच टनाचा हिशोब

कॅल्थ्रॉपची खरी अक्कल रुंदी कमी करण्यात नव्हती, अरुंद रेल्वे त्याच्या आधीही खूप होत्या. त्याची अक्कल वजनाच्या वाटणीत होती. इथं एकच तांत्रिक शब्द लागेल, आसभार. दोन चाकांना जोडणारा जो लोखंडी दांडा तो आस, आणि एका आसावर जेवढं वजन पडतं तो आसभार. रूळ किती जाड पाहिजे, पूल किती मजबूत पाहिजे, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, एका आसावर किती पडतं त्यावर ठरतं. ज्वारीची पोती एकाच्याच पाठीवर दिली तर तो बसतो, तीच पोती दहा जणांत वाटली की सगळे चालत जातात आणि माल तेवढाच पोचतो.

त्या काळी व्हायचं असं की इंजिन जड आणि डबे हलके. मग इंजिनासाठी म्हणून अख्ख्या लाईनवर जाड रूळ टाकायचे आणि डबे मात्र त्या रुळाच्या निम्म्या ताकदीवर चालायचे, म्हणजे पैसा वाया. कॅल्थ्रॉप म्हणाला आसभार ५ टन, इंजिनालाही तेवढाच आणि भरलेल्या डब्यालाही तेवढाच. मग इंजिनाला जास्त आस दिले, डबे लांब आणि चार आसांचे केले, डब्याचा सांगाडा दाबलेल्या पोलादाचा केला म्हणजे स्वतःचं वजन कमी आणि माल जास्त. रूळ किती हलका चालला, तर मीटरला सुमारे १५ किलोचा. आज ब्रॉडगेजला मीटरला ६० किलोचा रूळ असतो. म्हणजे चौथ्या हिश्श्यात काम भागवलं, आणि गाडी खेळण्यातली नव्हती, तिच्या एकेका डब्यात खच्चून माल जायचा. ग्रुपवर ज्यांनी खेळणं म्हटलं त्यांच्यासाठी हे मुद्दाम लांबवून सांगितलं.

(हाच माणूस पुढं पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी पॅराशूट बनवत होता, त्याचं नाव त्यानं गार्डियन एंजल ठेवलं होतं. डोकं कुठंकुठं चालायचं बघा.)

बार्शीहून लातूर

लाईन चालली आणि वाढत गेली. १९०६ ला पंढरपूर, १९०७ ला तडवळे, १९११ ला लातूर, शेवटी १९२७ ला मिरज. मिरज ते लातूर सगळी मिळून ३२५ किलोमीटर. यातला लातूरचा तुकडा म्हणजे निजामाच्या राज्यातला, बार्शी मात्र इंग्रजांच्या मुलखात, म्हणजे गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायची. लातूर तेव्हा जिल्हा वगैरे काही नव्हतं, उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक गाव, जिल्हा तर १९८२ ला झालं. पण रेल्वे आली आणि कापूस, डाळी, तेलबिया, सगळ्याला थेट बाहेरचा रस्ता मिळाला. लातूरची गंजगोलाई ही बाजारपेठ १९१७ मधली, रेल्वे १९११ ची. सोळा रस्ते एका गोल बाजाराला येऊन मिळतात अशी पेठ कुणी उगीच बांधत नाही, माल येणार आणि माल जाणार याची खात्री असल्याशिवाय. गोलाईत नुसती रेल्वेच दिसते असं मी म्हणणार नाही, पण रेल्वे नसती तर एवढी मोठी गोलाई झाली असती असं मला वाटत नाही.

आणि दुसऱ्या बाजूला वाटेत काय, तर पंढरपूर. आषाढी-कार्तिकीला माणसांचा पूर, वर्षभर एकादशा. म्हणजे या लाईनला पोतीही होती आणि माणसंही होती, सुगीत पोती आणि वारीत माणसं. मला आठवतं, आज्जी लातूरच्या बाजूनं येणाऱ्या मिरज गाडीत चढताना आधी तुळशीचा डबा आत द्यायची आणि मग मला, खिडकीतून तोंड बाहेर काढलं की कोळशाचा कण डोळ्यात जायचा आणि ती पदराच्या टोकानं काढायची. गाडी हळू होती हे खरंय, पण डब्यात बसायला जागा मिळायची नाही एवढी माणसं असायची.

आता इंग्लंडातली बहीण

बार्शीचं बघून कॅल्थ्रॉपचं नाव झालं. इंग्लंडात १८९६ ला हलक्या रेल्वेसाठी कायदा आला, खेड्यापाड्यात स्वस्तात रेल्वे टाका, नियम थोडे सैल करतो, मदतही देतो, असा. त्यातून स्टॅफर्डशायर नावाच्या भागात लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे झाली. इंजिनिअर कॅल्थ्रॉप, गेज तेच अडीच फूट. २७ जून १९०४ ला सुरू झाली. लांबी फक्त १३ किलोमीटरच्या आसपास, वॉटरहाउसेस नावाच्या गावापासून हुल्म एंड नावाच्या गावापर्यंत.

फोटो बघितले की आपलंच वाटतं. इंजिनाला मोठ्ठा कंदील, आपल्याकडच्या गाड्यांना असायचा तसा, इंग्लंडात तसा कंदील कुणी लावत नसे. डबे आपल्याकडच्या धाटणीचे, फिकट पिवळ्या रंगाचे. इंजिनं दोनच, त्यातल्या एकाचं नावच ई. आर. कॅल्थ्रॉप. आणि लाईन ज्या दोन नद्यांच्या काठानं जायची, हॅम्प्स आणि मॅनिफोल्ड, त्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात, चुनखडीचा भाग असल्यानं पाणी जमिनीखाली जातं आणि वर नुसतं दगडगोट्यांचं पात्र राहतं. तेरणा, मांजरा बघत वाढलेल्या माणसाला हे वाचून कसं वाटलं असेल बघा, इंग्लंड म्हणजे सगळीकडं पाणीच असंच माझ्या डोक्यात होतं.

तिथं माल काय होता?

दूध. एक्टन नावाच्या ठिकाणी दुधाची डेअरी होती, तिथलं दूध रोज लंडनपर्यंत जायचं. सुट्टीच्या दिवशी दरी बघायला शहरातली माणसं यायची, तेव्हा गाडी भरायची. बस, एवढंच. एक्टनला पूर्वी तांब्याच्या मोठ्या खाणी होत्या पण रेल्वे यायच्या आधीच त्या बंद पडलेल्या. म्हणजे जो जड माल रेल्वेला पोसतो तो रेल्वे यायच्या आधीच संपला होता.

त्यात स्टेशनं दरीत आणि गावं डोंगरावर. ग्रिंडन, बटरटन ही नावं स्टेशनला होती पण गाडीतून उतरलं की चढण चढून गाव गाठायचं. आपल्याकडचं कळंब रोडसारखंच झालं, फक्त आपल्याला निदान पुढं जीप मिळायची. तिथंच लोक म्हणायचे की ही लाईन कुठूनच निघत नाही आणि कुठंच पोचत नाही.

सुरुवातही धड झाली नाही. वॉटरहाउसेसला मोठ्या रेल्वेची जी लाईन येऊन मिळायची होती ती वेळेत झालीच नाही, १९०५ ला आली, तोपर्यंत लीक गावापासून वाफेवर चालणाऱ्या बसमधून लोकांना आणावं लागायचं.

गेज बदललं की हमाली आलीच

नॅरोगेजची मोठी अडचण इथं आहे आणि ती दोन्ही बहिणींना होती. मोठी लाईन आणि छोटी लाईन जिथं मिळते तिथं सगळा माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागतो. कुर्डुवाडीला किती पिढ्यांनी ही पोती पाठीवर वाहिली. पोतं उचललं की हमाली, वेळ, सांडलवंड, चोरी, भिजणं, सगळं आलं. आडत दुकानात बसलेल्या कुणालाही विचारा, हात बदलला की तूट येते.

कॅल्थ्रॉपनं इंग्लंडात यावर एक भारी उपाय केला. अडीच फुटाच्या रुळावर चालणारी बसकी गाडी बनवली आणि तिच्यावर मोठ्या लाईनचा अख्खा डबाच चढवायचा, भरलेला, न उघडता. ट्रेलरवर जेसीबी चढवून नेतात ना, तसं. दुधाला हे सोयीचं होतं कारण दुधाला थांबून चालत नाही. इंग्लंडात हा प्रकार पहिल्यांदा या लाईनवर झाला. म्हणजे डोकं तिथंही पूर्ण चाललं होतं, बांधणीत कुठं कमी पडलं असं नाही.

मग बंद का पडली, कॅल्थ्रॉप चुकला का?

मला नाही वाटत चुकला असं म्हणावं. त्यानं रेल्वे स्वस्त केली, पण वाहायला माल पैदा करणं इंजिनिअरच्या हातात नसतं. पहिल्या महायुद्धानंतर मोटार लॉऱ्या आल्या. लॉरी गोठ्याच्या दारात जाऊन दूध उचलते, रेल्वेला मात्र शेतकऱ्यानं कॅन घेऊन दरीत उतरायचं. आपल्याकडं दूध संकलनाची गाडी वस्तीवर यायला लागल्यावर सायकलला कॅन बांधून कोण जातं आता? १९३२ ला एक्टनची डेअरी बंद झाली आणि लाईनचा एकुलता एक कायमचा माल गेला. मार्च १९३४ ला शेवटची गाडी धावली.

फरक एवढाच बघा. १३ किलोमीटरच्या लाईनला एकच गिऱ्हाईक होतं, ते गेलं आणि लाईन गेली. ३२५ किलोमीटरच्या लाईनला बार्शीचा कापूस नसला तर लातूरची डाळ होती, डाळ नसली तर वारकरी होते, आणि रस्ते आपल्याकडं इतके उशिरा सुधारले की एसटी गावोगाव पोचेपर्यंत गाडीला कुणी पर्यायच नव्हता. हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम सांगतोय, बार्शी लाईट टिकली यात आपल्या मागासलेपणाचाही वाटा आहे, नुसत्या अभिमानानं बघून चालत नाही.

टिकली होती तर काढली का?

१ जानेवारी १९५४ ला सरकारनं लाईन ताब्यात घेतली, पुढं ती मध्य रेल्वेत राहिली. लातूर ते उस्मानाबाद ब्रॉडगेज २००७ ला झाली, उस्मानाबाद ते कुर्डुवाडी २००८ ला. जुनी छोटी लाईन आजच्या धाराशिव शहरात जातच नव्हती, येडशीवरून जायची, नवीन करताना मार्ग वळवून जिल्ह्याच्या गावाला रेल्वे दिली.

वारसा म्हणून ठेवायला पाहिजे होती असं म्हणणारे खूप आहेत, माझाही जीव त्या गाडीत आहे. पण एप्रिल २०१६ आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजहून पाण्याची गाडी आली. पहिली १० वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, ५ लाख लिटर. नंतर ५० वाघिणींची, २५ लाख लिटर. ती गाडी मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी करत आली, म्हणजे बार्शी लाईटच्याच वाटेनं, फक्त रूळ आता रुंद होते.

आता हिशोब करून बघू. एका वाघिणीत ५० हजार लिटर म्हणजे ५० टन पाणी, वर तिचं स्वतःचं वजन, सगळं चार आसांवर, म्हणजे एका आसावर १९-२० टन. बार्शी लाईटचा आसभार ५ टन. ती वाघीण त्या रुळावर उभीही राहिली नसती. कुणी म्हणेल छोट्या डब्यांतून आणलं असतं, मिरजपर्यंत छोटी लाईन होतीच की. बरोबर, पण चार आसांच्या डब्याचं भरलेलं वजन २० टनांच्या वर नेता येत नाही, त्यात डब्याचं स्वतःचं वजन वजा केलं तर पाणी फार तर १५ टन. २५ लाख लिटरला दीडशेच्या वर डबे झाले, आणि ते ओढायला एक इंजिन पुरलं नसतं, किती खेपा कराव्या लागल्या असत्या देव जाणे.

आणि डबे आणले कुठून असते? पाण्याच्या गाडीच्या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात धुऊन-स्वच्छ करून पाठवल्या होत्या. कोट्याची वाघीण लातूरला आली कारण कोट्यापासून लातूरपर्यंत चाकोरी एकच. घरात कार्य निघालं की आपण शेजारच्या चार घरांतून पातेली आणतो, ती चालतात कारण सगळ्यांच्या चुली सारख्या. छोट्या गेजला उसनं मागायला शेजारच नसतो, स्वतःकडं असतील तेवढेच डबे. एरवी हे जाणवत नाही, अडचणीच्या दिवशी जाणवतं. त्या एप्रिलमध्ये रात्री दोन वाजता टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहिलेल्या माणसाला मी वारशाचं काय सांगू.

तिकडं रूळ काढल्यावर काय केलं?

हे मात्र आपण शिकण्यासारखं आहे. रेल्वे कंपनीनं ती जागा तिथल्या जिल्हा कौन्सिलला देऊन टाकली आणि १९३७ ला त्यावर पायवाट झाली. आजही लोक तिथं चालतात, सायकली चालवतात, वाटेतल्या बोगद्यातून तर आता रस्ता जातो. नव्वदच्या वर वर्षं झाली गाडी जाऊन, तरी लाईन कुठून गेली होती ते लहान पोराला पण दाखवता येतं. आपल्याकडं पांगरी, येडशीच्या डोंगरातून जी जुनी वाट सुटली तिथं रामलिंगचं जंगल आहे, देवस्थान आहे, श्रावणात तिथं माणूस मावत नाही. तिथं अशी एक चालायची वाट झाली तर खर्च फार नाही, भराव तर कॅल्थ्रॉपच्या लोकांनी टाकून ठेवलाय.

आणि बीडचं काय?

भाच्याला आता सांगतो. बीडला तेव्हा छोटी गाडी टाकली असती तर चालली असती का हे गेजवर ठरलं नसतं, दोन्ही टोकांना काय माल आहे आणि तो किती वेळा उतरवावा लागतो यावर ठरलं असतं. आता आलेली लाईन ब्रॉडगेज आहे म्हणजे हमालीचा प्रश्न मिटला, बीडमध्ये भरलेली वाघीण थेट कुठंही जाईल. अहिल्यानगरकडचं टोक जोडलंय, परळीकडचं जोडलं की दोन्ही बाजूंनी वाट मोकळी होईल. राहिला माल. बीडचा कापूस, सोयाबीन, साखर आज सगळी ट्रकवर आहे आणि ट्रक जिनिंगच्या दारात येतो, तिकडं गोठ्याच्या दारात लॉरी यायची तसाच. म्हणून मला प्रवासी गाड्या किती झाल्या यापेक्षा मालधक्का कुठं बांधलाय, तिथपर्यंत रस्ता कसा आहे, शेड आहे का आणि पहिली मालगाडी कशानं भरली, हे बघायचंय. दिवाळीत बीडला जाणार आहे, भाच्याला सोबत घेऊन आधी तिकडंच जातो.